सविताचा खोटा कारखाना

त्या सकाळी शाळेत जायला माझं मन घेत नव्हतं, पण सवितानेच मला जायला लावलं. जऊळक्याच्या शाळेत माझ्या चौथीच्या वर्गाची वार्षिक परीक्षा सुरू होती. "जा वहिनी तुमी. मी काई पळून नाही जात," असं म्हणून ती हसली. हसताना तिला दम लागला... तो मला दिसू नये म्हणून तिने मान खिडकीकडे फिरवली. पेपर वाटून झाल्यावर मी फोन पाहिला, तर विलासचे, म्हणजे माझ्या यजमानांचे, बरेच फोन येऊन गेलेले. मी उलट लावला. ते एवढंच म्हणाले, "तू ये." मी विचारलं, "सविता?" तर पुन्हा तेच, "ये तू." आमच्या एका सरांनी मला मोटारसायकलवर वाशीमला आणून सोडलं. रस्त्याच्या कडेने ठिकठिकाणी उकडलेली हळद वाळत घातली होती आणि तिचा वास उन्हात दाटून आला होता. आता हळदीचा वास आला की मी पदर नाकाला लावते.

सविता माझी नणंद. तिला जाऊन आता काही आठवडे झाले. त्या दिवसांत घरी भेटायला आलेल्या बायका सासूबाईंजवळ बसायच्या, डोळ्यांना पदर लावायच्या आणि जाता जाता मला हळूच विचारायच्या, "नेमकं काय करत होत्या जी सविताबाई?" मी म्हणायची, कॉम्प्युटरचं काम. त्यांचं तेवढ्यावर समाधान व्हायचं, पण माझं होत नव्हतं. लग्न केलं नाही, पुण्याची चांगली नोकरी असून गावात परत आली, दिवसभर माडीवरच्या खोलीत बसून राहायची, आजारी पडली आणि गेली... गल्लीत तिची एवढीच गोष्ट उरते आहे, आणि ती खरी नाही. म्हणून हे लिहायला बसले.

मी मानोरा तालुक्यातल्या एका खेड्यातून लग्न होऊन या घरात आले, तेव्हा सविता अकरावीत होती. सासऱ्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटारी यायच्या, त्यातली काळी पडलेली तार काढून नवी भरायची, असं ते काम. आज ते दुकान विलास चालवतात. नवी नवरी म्हणून मला कोणी काही काम सांगत नव्हतं, काही करू देत नव्हतं. कंटाळून मी दुकानात डोकावले, तर ही मुलगी स्टुलावर बसून तांब्याची तार गुंडाळत होती. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "वहिनी, तुमाले वार्निशचा वास चालते काय? नाई चालत त आतच बसा. इथं समदं घर त्याच वासाचं हाये." मला तो वास चालला आणि आमचं जमलं. पुढे तिला नुसतं नावाने हाक मारणारी, तिच्याशी भांडणारी आणि तिचे केस विंचरून देणारी मीच झाले.

एकदा तार गुंडाळतानाच तिने मला गोविंदकाकांबद्दल सांगितलं. सासऱ्यांचे हे जुने मित्र, शेजारच्या गावचे, संत्र्याची बाग असलेले. शेतातली लाइन, म्हणजे वीज, कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नसतो, म्हणून त्यांनी सासऱ्यांकडून मोटारीच्या स्टार्टरला ऑटोस्विच बसवून घेतला होता. म्हणजे लाइन आली की मोटार आपोआप सुरू होते, माणसाला शेतात जावं लागत नाही. असे स्विच सगळेच बसवत होते. एके दिवशी मोटार पाणी ओढेना, म्हणून काकांनी लाइन गेलेली पाहून ती खोलली. हात आत असतानाच लाइन आली... काका गेले तेव्हा सविता नववीत होती. वडिलांबरोबर ती तिकडे गेली होती. त्यांच्या घरच्यांनी सासऱ्यांना एका शब्दाने बोल लावला नाही, पण त्या दिवसानंतर सासऱ्यांनी कुणालाही ऑटोस्विच बसवून दिला नाही. गिऱ्हाईक समोरच्या दुकानात गेलं तरी चालेल. सविता मला म्हणाली, "बाबा बसवत नाहीत थे ठीक हाये. पण वहिनी, मशीनले कोनी शिकवलं नाही का, का लाइन आली त आंधी इचार, जवळ कोनी हाये काय?"

ती इंजिनिअर झाली आणि पुण्यात एका कंपनीत लागली. सुट्टीत आली की सगळे विचारायचे, आणि तिचं उत्तर कुणालाच कळायचं नाही. विलास तर चिडायचे. "मशीन नाही, वायर नाही, पान्हा नाही, अन् तू तपासते काय?" शेवटी एका दिवाळीत तिने स्वयंपाकघरात माझ्याजवळ पाटावर बसून मला समजावलं. मोठ्या कारखान्यात धोका झाला तर सगळं बंद करणारी एक वेगळी यंत्रणा असते. दाब वाढला तर ही झडप बंद कर, पाणी थांबलं तर ती वाफ बंद कर, असं तिला आधीच लिहून दिलेलं असतं. हे लिहिलेलं बरोबर आहे की नाही, हे कसं पाहणार? खऱ्या कारखान्यात आग लावून तर पाहता येत नाही. म्हणून ती कॉम्प्युटरमध्ये खोटा कारखाना उभा करायची. खोटी टाकी, खोटी झडप, खोटा दाब. आणि त्या यंत्रणेला जे लिहून दिलं आहे ते जसंच्या तसं त्या खोट्या कारखान्याला जोडायची. लोखंडाचं कपाट, तारा, बटणं, काही लागत नाही. मग दिवसभर त्या यंत्रणेला फसवायचं. आता पाणी बंद पडलं. आता वायर तुटली. आता दोन्ही एकदम. दर वेळी ती काय ठरवते ते पाहायचं.

"म्हंजे तू दिवसभर नासधूस करते," मी म्हटलं.

"हो. खोटी करतो, म्हंजे खरी होत नाही."

सासूबाई करंज्या तळत होत्या. त्या म्हणाल्या, "पगार त खरा देतेत ना?" आम्ही तिघीही हसलो. सविता हसली की तिच्या नाकाचा शेंडा लाल व्हायचा.

सासरे गेल्यावर सासूबाई खचल्या. त्याच सुमारास कंपन्यांमध्ये घरून काम करायची पद्धत रुळली होती, म्हणून ती वाशीमला आली. थोडे दिवस म्हणून आलेली राहूनच गेली. कुठल्या तरी समुद्रकाठच्या कारखान्याची सुरक्षा आमच्या माडीवर तपासली जायची आणि खाली मी मेथी निवडत बसलेली असायची. मध्येच ती जिन्यावरून ओरडायची, "वहिनी, सापडलं!" काय सापडलं ते मला कळायचं नाही, पण मी चहा ठेवायची. चूक सापडली की तिला चहा लागायचा.

गेल्या वर्षी पाऊसकाळ लागण्याआधी तिचं पोट दुखू लागलं. आम्ही आधी पित्त समजलो, तिनेही तेच समजून घेतलं. अकोल्याला दाखवलं तेव्हा डॉक्टरांनी विलासना बाजूला घेतलं. सविता आतून म्हणाली, "डॉक्टरसाहेब, बाजूले कायले? मलेच सांगा. माहंच पोट हाये." मग त्यांनी तिलाच सांगितलं. गाठ अंडाशयात होती आणि पसरली होती. घरी आल्यावर सासूबाईंना तिने स्वतः सांगितलं. त्या म्हणाल्या, "माही लेक दुसऱ्याईचे कारखाने तपासत राह्यली... अन् इच्या पोटात काय चाललं थे कोनाले नाही समजलं." सविताने त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. ती उगाच धीर देणाऱ्यांतली नव्हती.

औषधं सुरू झाली, तेव्हाच नंदूसेठ आमच्याकडे आले. गावाबाहेर त्यांचा सोयाबीनचं तेल काढायचा कारखाना आहे. तिथल्या मोटारी विलासच भरून देतात. सेठ कारखान्यात सगळं नवीन, कॉम्प्युटरवर चालणारं बसवत होते. कंट्रोलचं पॅनल, म्हणजे ते लोखंडी कपाट, अजून परगावी तयार होत होतं. "पॅनल आल्यावर जरा पाहून द्याल काय ताई?" एवढंच त्यांनी विचारलं. सविताने डोक्याला रुमाल बांधला होता. ती म्हणाली, "पॅनलची गरज नाही सेठ. त्यात जे भरणार हायेत, थे मले आताच पाठवा. पॅनल येईपर्यंत मी राहीन का नाही, कोनाले मालूम." सेठ ओशाळले. तिला ओशाळवायचं नव्हतं, ती फक्त वेळेचा हिशेब मांडत होती. कंपनीतून तिने रजा घेतली होती, पण हे काम तिने मागून घेतलं असंच म्हणायला हवं.

सोयाबीनमधून तेल काढायला पेट्रोलसारखं एक द्रव वापरतात. तेल निघालं की वाफेने ते द्रव उडवायचं आणि थंड पाण्याच्या नळ्यांवरून नेऊन परत गोळा करायचं. हे मला तिनेच सांगितलं. वाफ सुरू आणि थंड पाणी बंद असं कधी झालं, तर ते द्रव हवेत सुटतं, शेडमध्ये भरतं, आणि मग एक ठिणगी पुरते. त्या कारखान्यात पाळीचे मुख्य ऑपरेटर शकीलभाई आहेत, आमच्याच मोहल्ल्याजवळचे, विलासचे शाळेपासूनचे दोस्त. सविता त्यांना भाई म्हणायची. ती त्यांना बोलावून घ्यायची आणि काय झालं की ते काय करतात, कोणता आवाज बदलतो, हे विचारत बसायची. ते येताना तिच्यासाठी डाळिंबं आणायचे. तिला ती पचायची नाहीत, पण ती त्यांच्यासमोर दोन दाणे तोंडात टाकायची.

औषधांनी तिच्या बोटांची जाणीव गेली. बटण दाबलं की नाही ते तिला कळेना. म्हणून रविवारी, शाळेला सुट्टी असली की, मी तिचे हात झाले. ती लोडाला टेकून सांगायची आणि मी दाबायची. "वहिनी, पानी बंद करा." मी केलं. पडद्यावर वाफेची झडप बंद झाली. "शाब्बास. आता दाब वाढवा." मी वाढवला, सगळं थांबलं. चौथीच्या मुलांसारखं मला त्यात गंमत वाटू लागली. मग एकदा ती म्हणाली, "आता लाइन घालवा." मी घालवली. सगळं बंद. "आता लाइन आना." मी आणली... आणि कुणी काही न दाबता, पडद्यावरची वाफेची झडप उघडली. थंड पाण्याचा पंप अजून बंदच होता.

सविता उठून बसली. पुन्हा करायला लावलं, पुन्हा तेच. लाइन गेली की धोक्यामुळे आपण सगळं बंद केलं होतं, हे ती यंत्रणा विसरून जात होती आणि आल्या आल्या सगळं ठीक समजून कामाला लागत होती. मी म्हटलं, "सापडलं?" ती ओरडली नाही. पडद्याकडे पाहत म्हणाली, "गोविंदकाकाईचा स्टार्टर हाये हा, वहिनी." त्या दिवशी तिने चहा मागितला नाही.

पॅनल बनवणाऱ्यांच्या इंजिनिअरशी तिचं फोनवर बोलणं झालं, ते मी ऐकलं. तो म्हणाला, "मॅडम, फील्ड में ऐसा होता नहीं है." ती म्हणाली, "आपके वहाँ लाइन नहीं जाती होगी. वाशीममें जाती है." तो माणूस वाईट नव्हता. बदल करायला, पुन्हा सगळं तपासायला वेळ लागेल, आणि सेठ थांबणार नाहीत, एवढंच त्याचं म्हणणं होतं. ते खरंही होतं. शेतातून सोयाबीन निघायला लागलं होतं, बाजार समितीत ढीग लागत होते, आणि कारखाना सुरू व्हायच्या दिवसाचं आमंत्रणही गावभर गेलं होतं.

सेठ आमच्या घरी आले. माडीवर तिच्या खाटेजवळ खुर्चीत बसले. "ताई, माह्या गेटवर गाड्या येऊन उभ्या राहतीन. लोकाईले काय सांगू? एक पोरगी कॉम्प्युटरवर खेळत होती, तिले काईतरी दिसलं, असं सांगू?" विलास दारात उभे होते. त्या कारखान्याच्या मोटारींवर आमचं दुकान चालतं, हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. विलास पुढे आले आणि म्हणाले, "सेठ, ती म्हनते थे आंधी पाहून घ्या. मोटारी मी दुसऱ्याईच्याई भरतो." सविताने भावाकडे पाहिलं, तसं पाहताना मी तिला पुन्हा कधी पाहिलं नाही.

मग तिने लॅपटॉप सेठजींच्या मांडीवर ठेवला. "तुमीच दाबा. लाइन घालवा." त्यांनी दाबलं. "आता आना." त्यांनी दाबलं, झडप उघडली, आणि शेडमधल्या हवेत सुटलेल्या द्रवाचा आकडा लाल होऊन वाढत गेला. ते पडद्यावर वाकले. मग विचारलं, "हे झालं तवा माणसं कुठं असतीन?" ती म्हणाली, "लाइन गेली, म्हनून पाहाले शकीलभाई आतच गेले असतीन. माणूस आत जाते तो लाइन गेल्यावरच, सेठ."

"अन् गेटवर लोक उभे राह्यले तर?"

"उभे राहू द्या," सविता म्हणाली. "उभे त राहतीन."

सेठ उठले, चष्मा पुसला आणि जिना उतरले. खाली सासूबाईंनी चहा विचारला, तर हात जोडून निघून गेले. त्या संध्याकाळी त्यांनी आमंत्रण मागे घेतलं. गावात लोक बोलले, बाजारात बोलले, एक आजारी बाई अडून बसली असंही बोलले. मला बाजारात ते ऐकवलं गेलं. तिला मी सांगितलं नाही, पण तिला माहीत होतं. त्या इंजिनिअरने बदल करून पाठवला. आता लाइन आली तरी यंत्रणा बंदच राहणार होती. माणसाने जाऊन पाहायचं आणि स्वतःच्या हाताने बटण दाबायचं, तेव्हाच पुढे चालायचं. बदल एका ठिकाणी झाला तरी तपासायचं सगळंच पुन्हा असतं, असा तिचा नियम. दिवाळीच्या सुट्ट्या आम्ही दोघींनी त्यात घालवल्या. सगळीकडे फटाके वाजत होते आणि आम्ही माडीवर खोटी आग लावत होतो. तिला उलटी झाली की मी थांबायची, आणि ती तोंड पुसून म्हणायची, "हं, पुढचं."

कारखाना उशिरा सुरू झाला. गाड्या थांबल्या होत्या, त्या रिकाम्या झाल्या. त्यानंतर काही दिवसांनी सविताला पुन्हा अकोल्याला भरती केलं होतं. मी तिच्याजवळ होते. विलास मोटार बसवायला कारखान्यात गेले होते. दुपारी त्यांचा फोन आला. मी तिच्या कानाजवळ धरला. "सवू, लाइन गेली होती, आता आली," ते म्हणाले, "ऐक." आणि बोलायचे थांबले. फोनमधून काहीच ऐकू येईना. कुठेतरी एक चिमणी आणि दुरून शकीलभाईंच्या चालण्याचा आवाज... ते सगळं पाहत आत फिरत होते. सविता डोळे मिटून ऐकत होती. "काय ऐकू येते?" मी विचारलं.

"काहीच नाही," ती म्हणाली, आणि तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला.

मग फोनमध्ये शकीलभाईंचा आवाज आला, "ताई, समदं पाह्यलं. अब चालू करू काय?" आणि ती म्हणाली, "करा भाई."

तिच्या कामाचं फळ हे असं. जे झालं नाही, ते. ते कुणाला दाखवता येत नाही, त्याचा फोटो छापून येत नाही, आणि ज्यांचं काही झालं नाही त्यांना ते कळतही नाही. नंदूसेठ मात्र आले होते, शेवटच्या दिवशी. सगळ्यांच्या मागे उभे राहिले. शकीलभाईंनी खांदा दिला. त्यांच्या बेगम सासूबाईंजवळ बसून राहिल्या, आणि भेटायला आलेल्यांत तेवढ्या एकट्याच अशा होत्या, ज्यांनी मला सविता काय करत होती ते विचारलं नाही.

आता माडीवरची तिची खोली रिकामी आहे. कंपनीचा लॅपटॉप कुरिअरने परत गेला. ती पुण्याहून आली तेव्हा काम मध्येच बंद पडू नये म्हणून विलासनी घरात इन्व्हर्टर बसवला होता, आणि त्याची वायर फक्त त्या एका खोलीला नेली होती. तेरवी झाल्यावर ते म्हणाले, ही लाइन आता खाली घेतो, आईला उकाड्यात पंखा होईल. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे." रोज दिवेलागणीला त्या गुडघे धरत जिना चढतात, त्या खोलीतला दिवा लावतात आणि खाली येतात. उन्हाळ्याची लाइन, संध्याकाळी हमखास जाते. मग आम्ही अंगणात बाज टाकून बसतो. सगळी गल्ली काळोखात असते आणि वर तेवढी एकच खिडकी उजेडात असते, जशी ती आत काम करत बसलेली असताना असायची. आम्ही तिघंही वर पाहत असतो. लाइन आली की घराघरांतून पोरं ओरडतात, सगळे दिवे एकदम लागतात आणि ती खिडकी बाकीच्या खिडक्यांमध्ये मिसळून जाते. पूर्वी लाइन गेली की मी चिडायची. आता वाटतं... आणखी थोडा वेळ न यावी.